इलेक्ट्रोड पेशंटसाठी बसवलेले असतात

सप्रेम आशीर्वाद.

तुझी मेल नीट वाचली. एमएस्सी संपत आली, पीएचडीसाठी लॅब शोधते आहेस, विषय हवा आहे स्मृतीचा, आणि यादी केली आहेस अपस्मारावर, म्हणजे फिट येण्याच्या आजारावर, काम करणाऱ्या लॅबची. कारणही प्रामाणिकपणे लिहिलंस: जिवंत, बोलत्या माणसाच्या मेंदूत तार सोडून एकेका पेशीचा आवाज ऐकायची संधी दुसरीकडे कुठे मिळणार? तुझं म्हणणं खोटं नाही. लॉस एंजेलिसचे न्यूरोसर्जन इत्झाक फ्रीड यांच्या पेशंटांमध्ये रोड्रिगो कियान किरोगा आणि सहकाऱ्यांना अशी एक पेशी सापडली, जी जेनिफर अ‍ॅनिस्टनच्या निरनिराळ्या फोटोंना सणसणीत प्रतिसाद देई आणि इतर चेहऱ्यांपुढे जवळजवळ ढिम्म राही. हे २००५ साली छापून आलं. ते वाचून ज्याला काहीच झालं नाही त्याने खुशाल बँकेच्या परीक्षा द्याव्यात.

पण त्या तारा, म्हणजे इलेक्ट्रोड, तुझ्यासाठी बसवलेल्या नसतात. औषधांनी फिट थांबत नाहीत, ऑपरेशन करायचं तर फिट नेमकी कुठून उठते ते कळायला हवं, म्हणून कवटीला बारीक छिद्रं पाडून त्या आत सोडतात. मग पेशंट वॉर्डात पडून राहतो, औषधं कमी केली जातात, आणि घरातले सगळे जिला आजवर घाबरत आले तिचीच वाट बघत बसतात. लॅपटॉप घेऊन येणाऱ्या संशोधकाच्या वाट्याला मधला थोडा वेळ येतो. रात्री फिट येऊन गेलेली, डोकं ठणकतंय, आई उशाशी बसून केळं सोलून देतेय, आणि तू स्क्रीन पुढे करून विचारणार, 'हा कोण ओळखा.' तो 'आज नको' म्हणाला की लॅपटॉप मिटायचा. चेहरा पाडायचा नाही, 'फक्त दहा मिनिटं' म्हणायचं नाही. तार कुठे जाणार हेही तू ठरवणार नाहीस. तुला स्मृतीचा भाग, हिप्पोकॅम्पस हवा आणि फिटचा संशय मेंदूच्या पुढच्या भागावर, फ्रंटल लोबवर असेल, तर फ्रंटल.

मेंदूच्या कामकाजाबद्दल आपण वर्गात जे शिकवतो, त्यातलं बरंचसं याच पेशंटांनी दिलेलं आहे. माँट्रियलला न्यूरोसर्जन वाइल्डर पेनफिल्ड जाग्या पेशंटच्या उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करत आणि प्रतिसाद येईल तिथे आकड्याची चिठ्ठी ठेवत. टेम्पोरल लोबला, म्हणजे कानाजवळच्या भागाला, स्पर्श केल्यावर कुणाला जुनं गाणं ऐकू आलं, कुणाला घरातला प्रसंग दिसला. त्यावरून 'मेंदूत सगळं आयुष्य रेकॉर्ड झालेलं असतं' असं अजूनही लोक व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलतात. पेनफिल्ड आणि त्यांचे सहकारी पेरो यांनी १९६३ साली हिशेब मांडला तेव्हा टेम्पोरल लोबला असा स्पर्श केलेल्या ५२० पेशंटांपैकी ४० जणांनाच असा अनुभव आला होता. आणि ते मेंदू फिट येणारे होते. निरोगी मेंदूबद्दल यातून किती बोलायचं, हा प्रश्न तुझ्या थिसिसच्या प्रत्येक प्रकरणात तुला छळणार आहे. छळू दे.

एच. एम. या नावाने ओळखला जाणारा फिटचा पेशंट तर तुला पाठच असणार. १९५३, हार्टफर्ड, सर्जन स्कोव्हिल. दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग काढला आणि माणूस नवीन आठवण साठवेनासा झाला. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नरनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. काल हेच केलं होतं याचा पत्ता नाही, पण हात दिवसागणिक सुधारत गेला. तोंडी परीक्षेत मी हे सगळं ऐकून घेतो आणि मग विचारतो, 'त्याच्या फिटचं काय झालं?' समोर शांतता. अरे, ऑपरेशन झालं होतं कशासाठी? फिट पुष्कळ कमी झाल्या, पुरत्या गेल्या नाहीत, गोळ्या सुरू राहिल्या. ज्याला हे विचारावंसं वाटत नाही, त्याला पेशंट दिसलाच नाही असं मी धरून चालतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच: अपस्मार हाच प्रश्न म्हणून घे. स्मृती त्यातून येईल. उलट्या बाजूने शिरलीस तर फिटचा भाग तुला 'डेटा खराब' म्हणून कापून टाकावासा वाटेल, आणि बहुतेक वेळा मौज तिथेच असते.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण ते मला फार आवडतं. फ्रान्समधल्या मार्सेयच्या डॉक्टर शार्लट द्रावे यांनी १९७८ साली एक आजार वर्णन केला: चांगल्या वाढणाऱ्या तान्ह्या बाळाला तापात लांबलचक फिट येते, मग ताप नसतानाही येऊ लागतात, पुढे वाढ मागे पडते. या मुलांना लॅमोट्रिजिन हे फिटचंच औषध दिलं की फिट वाढतात, हे १९९८ साली डॉक्टरांनी लिहून ठेवलं. का, ते माहीत नव्हतं. २००१ साली जनुक सापडला, एससीएन१ए, सोडियम चॅनल, म्हणजे पेशीत सोडियम आत सोडणारं दार, बनवणारा. या मुलांमध्ये त्याची एक प्रत बिघडलेली. आता कोडं बघ. सोडियम चॅनल उघडतात म्हणून पेशी पेटते. फिनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन हे चॅनल अडवूनच फिट थांबवतात. मग चॅनल मुळातच कमी असलेला मेंदू शांत हवा, इथे तो भडकलेला! २००६ साली सिअ‍ॅटलमध्ये विल्यम कॅटरॉल यांच्या गटाने उंदरांत उत्तर दाखवलं: या चॅनलवर सगळ्यात जास्त भिस्त असते ती इतर पेशींना आवर घालणाऱ्या इंटरन्यूरॉन पेशींची. लगाम धरणारेच लुळे पडले होते, आणि वर औषध देऊन आपण त्यांनाच आणखी लुळं करत होतो. रेण्वीय उत्तर यायच्या कितीतरी आधी कुणीतरी ओपीडीत 'या गोळीने बाळ बिघडतंय' म्हणणाऱ्या आयांवर विश्वास ठेवला होता.

आपल्याकडचंही सांगतो, नाहीतर तुला वाटेल प्रश्न फक्त तिकडेच असतात. सीटी स्कॅन आल्यावर फिट आलेल्या भारतीय पेशंटांच्या मेंदूत एकच छोटी गाठ वारंवार दिसू लागली. टीबीची असणार म्हणून महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयातल्या लोकांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या आणि १९८९ साली छापलं, की ही टेपवर्मची अळी. डुकराचं मांस न खाणाऱ्यालाही ती होते, कारण अंडी पोटात जातात अस्वच्छ पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून. वेल्लोरचा न्यूरोसर्जरी विभाग १९४९ साली सुरू करणारे जेकब चंडी पेनफिल्डकडेच शिकून आले होते, पण हा प्रश्न माँट्रियलच्या खिडकीतून दिसला नसता.

आता रोजच्या कामाचं. पहिले काही महिने ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढणाऱ्या टेक्निशियनच्या शेजारी स्टूल टाकून बस. 'तेल लावून येऊ नका' सांगूनही चोपडलेले केस येतात, ते पुसून, टाळू घासून, पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवायला शीक. पडद्यावरची पापणीची उघडझाप, दात चावल्याचं रान, पंख्याच्या रेग्युलेटरमधून घुसलेले घरच्या विजेचे ५० हर्ट्झ हे सगळं नजरेनं ओळखता आलं पाहिजे. झोपेतल्या निरोगी टोकदार लाटा स्पाइक, म्हणजे अपस्माराची खूण, समजून माणसावर अपस्माराचा शिक्का बसतो आणि वर्षानुवर्षं गोळ्या चालतात, असं घडतं. उलट खरा आजार असून पहिला ईईजी स्वच्छ येणारेही पुष्कळ. पायथनमध्ये फिल्टर लावून मोकळं होणारी मुलं मला ढिगाने भेटतात. कच्ची पट्टी वाचणारी फार कमी.

वॉर्डात बसलीस की आयाबाया तुला 'मॅडम' म्हणून बाजूला घेतील आणि विचारतील, 'पोरीचं लग्न जमेल ना?' उपचाराचं काही विचारलं तर डॉक्टरांकडे पाठव, तू डॉक्टर नाहीस. पण एवढं सांगू शकतेस, की हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेख अडथळा म्हणून होता, तो १९९९ साली काढून टाकला. पुष्कळ वकिलांनाही हे ठाऊक नसतं.

बाहेर जायचं की इथे राहायचं, यावर माझं मत ऐकून काही होणार नाही, तू जिथे शिष्यवृत्ती मिळेल तिथे जाणार. फक्त 'भारतात काही होत नाही' असं अर्जात सूचितही करू नकोस. फिट औषधांना न जुमानणाऱ्या ११६ मुलांवर एम्सने चाचणी केली, निकाल २०१७ साली आले: ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं वर्षभरानंतर फिटमुक्त, नुसत्या औषधांवर ७ टक्के. त्रिवेंद्रमचं श्री चित्रा आणि बंगळूरचं निम्हान्स, दोन्ही बघून ये. गाईड निवडताना त्यांचे पेपर मोजत बसू नकोस. त्यांच्या लॅबमधून आधी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना फोन लाव आणि विचार, प्रयोग फसला तेव्हा सर कसे वागले.

अर्ज पाठवण्याआधी तुझा प्रश्न अर्ध्या पानात, मराठीत, लिहून मला पाठव. 'हिप्पोकॅम्पस'सारखे शब्द चालतील, 'नॉव्हेल' चालणार नाही. त्यात पेशंट कुठल्या ओळीत येतो ते मी आधी बघणार आहे.

कळावे.