व्हॅनिलासाठी मुदत ठेव मोडावी का?

तुमचं पत्र आणि सोबतचा हिशेबाचा तक्ता, दोन्ही नीट पाहिलं. वय ४६, नोकरी चालू, बचतीतला निम्मा पैसा मुदत ठेवीत. ती ठेव मोडून, वर थोडं कर्ज काढून, जमिनीतल्या जुन्या झाडांच्या सावलीत एकरभर व्हॅनिला लावायचा तुमचा बेत आहे. ‘केशराखालोखाल महाग मसाला’ असं तुम्ही लिहिलंय, ते खरंच आहे. पण तो महाग का, याचा विचार पत्रात कुठे दिसला नाही.

मुख्य कारण मजुरी. व्हॅनिला ही मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली, ऑर्किडच्या कुळातली वेल. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी कोमेजतं. मायदेशाबाहेर प्रत्येक फुलाचं परागीकरण हाताने करावं लागतं. त्याची सोपी रीत १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, आणि आजही काम चालतं ते एका बारीक काडीवर नि अंगठ्यावरच. सरावलेला माणूस दिवसाला हजार-दीड हजार फुलं करतो. बहर महिना-दोन महिने चालतो, तेवढे दिवस रोज सकाळी बागेत माणूस हवाच. तुम्ही तर त्या वेळी ऑफिसला निघालेले असाल! तक्त्यात मात्र हे सगळं ‘किरकोळ खर्चा’त गेलंय.

आता त्या तक्त्यातली सगळ्यात महागडी चूक. तुम्ही हिरव्या शेंगांच्या वजनाला तयार शेंगांच्या भावाने गुणलंय. हिरव्या शेंगेला तो वास नसतोच. गरम पाण्यातून काढणं, उबेत घाम आणणं, उन्हात आणि मग सावलीत सुकवणं, पेटीत मुरवणं, असं काही महिने चालल्यावर ५-६ किलो हिरव्या शेंगांतून जेमतेम १ किलो माल हाती येतो. एवढी एक दुरुस्ती केली की तुमचं उत्पन्न पाचव्या-सहाव्या हिश्शावर येतं. मी ती करून पाहिली. कर्जाचा हप्ताही त्यातून भागत नाही.

शिवाय हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होणार. कांडं लावल्यापासून पहिलं फूल यायला साधारण ३ वर्षं, शेंग पिकायला आणखी ८-९ महिने, वर मुरवण्याचा काळ. म्हणजे चार-साडेचार वर्षं नुसता खर्च.

तेव्हा भाव काय असेल? जगातली बहुतेक व्हॅनिला मादागास्करमधून येते, त्यामुळे तिथल्या एका चक्रीवादळाने सगळीकडचा भाव हलतो. २००० मधल्या हुडा वादळानंतर भाव चढत गेला, २००३ च्या सुमारास शिखरावर पोचला आणि दोनेक वर्षांत साधारण दशांशावर आला. भाव चढला की सगळेच लावतात आणि सगळ्यांच्या वेली एकदमच धरतात. त्यात भर म्हणजे व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला तो वास देणारं मुख्य द्रव्य, १८७४ पासून कृत्रिमरीत्याही बनतंय; खरी शेंग फार महागली की मोठे खरेदीदार तिकडे वळतात. मूळकुजीचं वेगळं सांगायला नको: वेली कांड्यांपासून वाढवलेल्या, बहुतेक एकाच वाणाच्या, त्यामुळे एकीला लागली की शेजारणीही जातात.

म्हणून ठेव मोडू नका. मुदतीआधी मोडल्यास व्याज कापलं जाईल ते वेगळंच. पगारातून जे उरतं त्यातून शंभरेक वेली लावा. झाडं आणि सावली तुमच्याकडे आहेच, तो मोठा खर्च वाचतो (तुमच्या बेतातली ही बाजू मला मनापासून आवडली). परागीकरण सुट्टीच्या दिवशी स्वतः शिका. पहिला माल स्वतः मुरवून, खरेदीदार गाठून विका आणि किलोमागे हातात नेमकं काय उरलं ते लिहून ठेवा. वाढवायचं की नाही ते त्या आकड्यावर ठरवू. तोवर वर्षभराचा घरखर्च वेगळा ठेवा, त्याला बागेसाठी हात लावायचा नाही.

कर्जाचा अर्ज अजून दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर मागे घ्या, प्रक्रिया शुल्क बुडालं तरी चालेल.