पहिली गाडी आणि जुनी एसयूव्ही: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पहिली गाडी म्हणून बारा वर्षे जुनी एसयूव्ही घ्यायचे ठरवले आहे. एक ८०,००० किलोमीटर चाललेली आहे, पण तिच्या देखभालीची एकही नोंद नाही. दुसरी १,६०,००० किलोमीटर चाललेली असून प्रत्येक सर्व्हिसची पावती जपलेली आहे. कोणती घ्यावी?

उत्तर: इतर बाबी सारख्या असतील, तर मी दुसरी घेईन. बारा वर्षांत ८०,००० म्हणजे वर्षाला सात हजारांच्याही आत, आणि इतकी कमी चाललेली गाडी बहुधा जवळच्या फेऱ्यांनाच वापरलेली असते. अशा फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये साचणारी बाष्पाची ओल उडून जात नाही आणि ऑइल लवकर खराब होते. शिवाय होज, सील, बेल्ट हे रबरी भाग गाडी उभी असली तरी वयानुसार कडक होऊन तडकतातच. आकड्यावर विश्वास ठेवावा का, हाही प्रश्न आहेच. ८०,००० दाखवणाऱ्या गाडीच्या ब्रेक-पेडलचे रबर गुळगुळीत झालेले आणि चालकाच्या सीटची बाहेरची कड फाटलेली असेल, तर मीटरपेक्षा पेडलवर विश्वास ठेवावा.

पावत्यांमध्ये सर्वांत आधी टायमिंग बेल्टची, म्हणजे इंजिनाच्या झडपा (व्हॉल्व्ह) आणि पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याची, पावती शोधावी. काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते; तिला बदलण्याची ठरावीक मुदत सहसा नसली, तरी इंजिन सुरू होताना येणारा खडखडाट कानाआड करू नये. बेल्ट असेल, तर तो किलोमीटर किंवा वर्षे यांपैकी जी मर्यादा आधी येईल त्यानुसार बदलायचा असतो. अनेक इंजिनांत तो चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि संपूर्ण इंजिन उघडावे लागते. पावती नसेल, तर बेल्ट बदललेलाच नाही असे धरून तो खर्च गाडीच्या किमतीत मिळवूनच घासाघीस करावी.

प्रश्न: मला यंत्रातले काहीच कळत नाही. गाडी पाहायला गेल्यावर नेमके काय पाहू?

उत्तर: पोहोचताच बॉनेटवर हात ठेवा. ते गरम असेल, तर विक्रेत्याने तुम्ही येण्यापूर्वी इंजिन सुरू केलेले आहे, आणि जुन्या इंजिनाची बरीचशी दुखणी थंड असताना सुरू करतानाच उघडी पडतात. थंड इंजिन सुरू करून मागे उभे राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. सुरुवातीची पांढरी वाफ साधी असते. मात्र इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) जळत असण्याची शक्यता असते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला, तर लगेच घाबरू नका, कारण छोट्या फेऱ्यांनीही तो जमतो. तोच रंग डिपस्टिकवरही (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवरही) दिसला, तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधले सील, फुटल्याचा संशय घ्यावा.

यानंतर गाडीखाली वाकून पाहा. जुन्या एसयूव्हींपैकी अनेकींचा सांगाडा शिडीसारखा स्वतंत्र चॅसिसचा असतो, आणि त्याच्या पोकळ तुळयांत चिखल व पाणी अडकून गंज आतून बाहेर येतो. अशीच एक चकाचक गाडी मी एकदा पाहिली होती. खालून ताजा काळा लेप दिलेला होता. मागच्या स्प्रिंगजवळ स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो, तेव्हा खणखणीत आवाज अचानक बद्द झाला आणि लेपाखालून गंजाचे पापुद्रे गळू लागले. इंजिन बदलता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, पण कुजलेल्या चॅसिसची गाडी सोडून देण्यातच शहाणपण आहे. हे सारे पाहूनही पसंती टिकली, तर विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्या.

प्रश्न: फोर-व्हील ड्राइव्ह असलेली गाडी घेतली, तर देखभाल वाढते का?

उत्तर: वाढते, कारण ट्रान्सफर केस (इंजिनाचा जोर पुढच्या व मागच्या चाकांत वाटणारी पेटी) आणि पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचे (वळताना चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचे) ऑइलही मुदतीनुसार बदलावे लागते. मध्ये डिफरन्शियल नसलेल्या पार्ट-टाइम (गरजेपुरतेच फोर-व्हील लावायच्या) पद्धतीच्या गाडीत कोरड्या, पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील लावू नये, कारण वळताना पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात आणि तो ताण यंत्रणेवर येतो. कायम चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत दोन नवे आणि दोन झिजलेले टायर बसवल्यानेही असाच त्रास होतो.

टायरचे वयही पाहावे. बाजूवरच्या सांकेतिक अक्षरांच्या शेवटी चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली, तरी दहा वर्षांचा टायर वापरू नये.

प्रश्न: गाडी घेतल्यानंतर पहिले काम कोणते?

उत्तर: इंजिन ऑइल, सर्व फिल्टर, कूलंट आणि ब्रेक-ऑइल बदलून तारीख व किलोमीटर वहीत लिहावे. ब्रेक-ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलतात. त्यानंतरचे पहिले काही आठवडे दर रविवारी, इंजिन थंड असताना कूलंटची पातळी पाहावी. ती उतरत असेल, तर वरून भरत राहण्याऐवजी गळती शोधावी. चालवताना तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये.