कुंडीतली झाडं अन् आपलं खारं पाणी: तुमचे प्रश्न

लॉकडाऊननंतर परभणीत माझ्या नर्सरीत येणारं गिऱ्हाईकच बदललं. आधी गुलाब, जास्वंद, तुळस मागणारे लोक आता मोबाईलमधला फोटो दाखवून झेडझेड (चकचकीत पानांचं, कमी पाण्यावर जगणारं घरातलं झाड) अन् स्नेक प्लांट मागतात, मला याचा मनापासून आनंद आहे. पण उन्हाळा लागला की त्याच घरातून "झाड चाललं हो" असे फोन यायला लागतात. या वेळी त्यातलेच चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न: फ्लॅटमध्ये स्नेक प्लांट आहे. एवढं ऊन म्हणून रोज एक ग्लास पाणी घालते, तरी पानं बुडापासून पिवळी पडून गळतायत. पाणी कमी पडतंय का? (एक ताई, लातूर)

ताई, कमी नाही, लई जास्त होतंय. हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, जाड पानात अन् मातीखालच्या गड्ड्यात पाणी साठवून ठेवणारं. एक पान धरून हलकंच ओढून बघा, अलगद हातात आलं अन् बुडाला मऊ, घाण वासाचं लागलं तर मूळ सडलंय समजा. कुंडीतून काढायचं, सडका भाग चाकूनं कापून टाकायचा, दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यायचं अन् मग नव्या मातीत लावायचं, त्यानंतर आठवडाभर पाणी नको.

माती कुठली भरलीय हेही बघा. आपण हौसेनं शेतातली काळी माती आणतो, ती कापसाला-सोयाबीनला चांगलीच आहे, पण कुंडीत ओली असली की चिखल अन् वाळली की आक्रसून कडेनं भेग पडते, मग पाणी घातलं की त्या भेगेतून सरळ खालच्या ताटलीत अन् मधला गोळा कोरडाच. म्हणून या झाडाला निम्मी तरी जाड वाळू, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अन् चांगलं कुजलेलं शेणखत घाला. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं तुम्ही लातूरकरांनी बघितलंय, पाण्याचं मोल मी काय सांगणार, पण त्या रोजच्या ग्लासातलं बहुतेक पाणी वाचवता येतं अन् त्यानंच झाड जगतं. दोन पेरं बोट मातीत घालून बघायचं, जरा जरी ओल लागली तर पाणी घालायचं नाही.

प्रश्न: नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून आरओचं (पाणी शुद्ध करायच्या मशीनचं) वाया जाणारं, कूलरचं, एसीचं असं सगळं पाणी कुंड्यांना घालतो. मातीवर पांढरा थर आलाय अन् पानांची टोकं जळल्यासारखी झालीत. (एक दादा, संभाजीनगर)

दादा, पाणी वाचवता हे फार चांगलं, पण ही तिन्ही पाणी सारखी नाहीत. पांढरा थर म्हणजे क्षार. बोअरचं पाणी समजा ८०० टीडीएसचं (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) असेल तर आरओ त्यातलं चांगलं पाणी तुम्हाला देतो अन् उरलेले क्षार बाहेरच्या नळीत ढकलतो, म्हणजे ते पाणी ८०० पेक्षाही खारं. कूलरचं तसंच, पाणी वाफ होऊन उडतं अन् क्षार टाकीतच राहतात, गवताच्या जाळीवर पांढरी खपली धरते ती बघा. ही दोन्ही पाणी फरशीला, बाथरूमला वापरा. एसीचं पाणी मात्र हवेतल्या वाफेचं, त्यात क्षार जवळपास नसतात, ते बादलीत धरून कुंड्यांनाच घाला.

आता वरचा इंचभर थर खरवडून काढा, अन् मृगाचा पाऊस सुरू झाला की कुंड्या एक-दोन दिवस बाहेर ठेवून खालून धो-धो पाणी निघू द्या, क्षार धुऊन जातात. ऊन मात्र एकदम लागू देऊ नका.

प्रश्न: बेडरूममध्ये झाडं ठेवली तर हवा शुद्ध होते म्हणतात. अन् मनी प्लांट चोरून आणलेलाच लागतो का? (एक काकू, नांदेड)

काकू, हवेचं जे सांगतात ते नासाच्या १९८९ च्या अभ्यासावरून, अन् तो झाला होता छोट्या बंद पेटीत. आपल्या घराला दारं-खिडक्या आहेत, तेवढं काम कुंड्यांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० तरी झाडं लागतील असं २०१९ मध्ये जुन्या अभ्यासांचा हिशेब मांडून दाखवलंय. तेव्हा खिडकी उघडा अन् झाड आवडतं म्हणून ठेवा. मनी प्लांट चोरीचा असो की मागून आणलेला, फांदीच्या पेरापाशी मूळ फुटतं, पेर नसलं तर नुसतं पान पाण्यात ठेवून वेल होत नाही. नातवंडं रांगती असतील तर वर टांगा, पान चावलं तर तोंडाची लई आग होते.

प्रश्न: मे महिन्यात पंधरा दिवस गावाला चाललोय, झाडांचं काय करू? (बीडहून)

सगळ्या कुंड्या गच्चीवरून, बाल्कनीतून काढून उजेड असलेल्या थंड खोलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. पाण्याची बादली स्टुलावर, जुन्या सुती साडीच्या पट्ट्या काढून एक टोक बादलीत तळापर्यंत अन् दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं खोल. निघायच्या दोन दिवस आधी लावून बघा, बादली लवकर उतरायला लागली तर पट्टी बारीक करा. स्नेक प्लांट अन् झेडझेडला पट्टी लावू नका, त्यांना परत आल्यावरच पाणी द्या.