रांजणात हात घालून बघितलास ना?

अगं पोरी,

तुझी बाराही प्रकरणं काल रात्री वाचून काढली. भारतातली बारा निसर्गनवलं, वाचक आठ ते बारा वर्षांचे. चिठ्ठीत विचारलंयस, 'सर, निघोजचे रांजणखळगे ठेवू की गाळू? मुलांनी नावही ऐकलेलं नसतं. त्यापेक्षा अंदमानातला बॅरन बेटाचा ज्वालामुखी घेऊ का?' हे वाचून माझी झोपच उडाली.

निघोजला तू जाऊन आलीयस, ते लगेच कळतं. उन्हाळ्यात कुकडी नदीचं पात्र उघडं पडलेलं, तू एका खळग्यात खांद्यापर्यंत हात घातलास आणि तळाशी अंड्याएवढा गुळगुळीत गोटा लागला. पुराचं पाणी भोवरा धरतं, त्यात सापडलेले गोटे गरगर फिरतात आणि काळ्या बेसॉल्टला घासत घासत रांजण कोरतात. म्हणजे कोरणारं हत्यारच तू मुलांच्या हातात ठेवलंस. आणि तेच गाळायला निघालीस?

बाकीच्या अकरांत आहे काय? 'जगप्रसिद्ध', 'अद्भुत', 'सर्वांत मोठे'. पोरी, जिथे स्वतः गेली नाहीस तिथे मुलांना नेऊ नकोस.

हे मी कुठल्या तोंडानं सांगतोय, तेही ऐक. १९८६ साली मी लोणारवर मुलांसाठी एक पुस्तिका लिहिली, पुण्यात बसून. उल्का, विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, लवणासुराची कथा, सगळं चोख. एका शाळेत ती वाचून दाखवली तेव्हा मेहकरकडचा एक मुलगा उठून म्हणाला, 'सर, वास नाही लिहिला तुम्ही. त्या पाण्याला वास येतो.' वर्ग हसला. मीही हसलो, पण कान गरम झाले होते.

त्या दिवाळीत गेलो. उतरताना पाण्याआधी वासच भेटतो, कुजकट, नाकात बसणारा. पाण्यात बोटं बुडवून चोळली, तर साबण लावल्यासारखी बुळबुळीत. क्षार आहे तो. आणि वर काठाशी धारेचं, म्हणजे झऱ्याचं, पाणी पडतंय ते गोडं! वर गोडं आणि खाली खारं, असं का? तळ्यात आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ते उन्हानं उडून जातं आणि क्षार मागे राहतात, वर्षानुवर्षं. दहा वर्षांच्या मुलाला हे कोडं घाल. तो व्यास विसरेल, हे विसरणार नाही.

लोणारच्या वयाचा आकडाही तू ठोकून दिलायस, ५२ हजार वर्षं. अगं, एका पद्धतीनं तेवढं येतं आणि दुसरीनं साडेपाच लाखांच्या वर. हे भांडण मुलांना का नाही सांगायचं? २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, ते मात्र दोन ओळींत आटप. फोटो सगळ्यांनी बघितलेत.

पुढे एका प्रकाशकानं अख्ख्या भारतावरचं पुस्तक मागितलं. मणिपूरचं लोकटाक सरोवर हवं होतं त्यांना. पाण्यावर तरंगणारी फुमदी, म्हणजे गवतामुळांची जाड चटई, आणि तिच्यावर चरणारी संगाई हरणं. मी म्हटलं, आधी जाऊन येतो. ते म्हणाले, एवढा वेळ नाही. फुमदीवर पाऊल पडलं की ती किती दबते, हे काय ज्ञानकोशात बघून लिहायचं? नाही म्हणालो. दुसऱ्या कुणी महिन्याभरात लिहून दिलं. खपलंही चांगलं. माझ्या नावावर ती एक पुस्तिकाच राहिली. घरचे याला आळस म्हणतात. म्हणोत. थोडा असेलही.

तुझ्याकडे फिरायला पैसे नाहीत, हे मला ठाऊक आहे. मग बाराची पाच कर! अंधेरीत राहतेस आणि गिल्बर्ट हिलवर एक ओळ नाही? सुमारे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थंड होताना आकसून तडकला आणि त्याचे असे उभे खांब झाले. इमारतींच्या गर्दीत तो कडा आजही उभा आहे, वर गावदेवीचं देऊळ. रिक्षानं जा. खालून वर बघ, खांबांच्या कडा मोज, एखाद्याला तळहात लाव. मग लिही. बॅरन बेटाला जाशील तेव्हा जाशील, तोवर ते नकाशात असू दे.

निघोजचं प्रकरण पहिलं घे. त्यातला 'विस्मयकारक' तेवढा काढ, गोट्यानं काम केलंय.

दिवाळीनंतर लोणारला जाऊ. एसटीचं माझ्याकडे लागलं. माझे गुडघे आता खाली उतरू देणार नाहीत, मी धारेपाशी बसेन. तू खाली जाऊन ये, आणि माझ्यापाशी येईपर्यंत हात धुऊ नकोस.

तुझा,
सर