व्हायरल लोड सापडत नाही, तरी एचआयव्हीची भीती का जात नाही?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षं गोळ्या चालू आहेत, एकही चुकलेली नाही, मागच्या सगळ्या रिपोर्टमध्ये व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, सापडण्याइतकंही नाही, तरी रात्री दोनला दचकून जाग येते आणि साधा खोकला आला की जीव घाबरा होतो. शेवटी विचारलंय, ‘मी वेडा होतोय का?’

नाही. मी अकरा वर्षं एचआयव्हीसोबत जगतोय आणि त्यातली चारेक वर्षं अगदी अशीच काढली आहेत.

तुम्हाला जसा खोकला, तशी मला मानेवरची गाठ. जबड्याखाली वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं आणि मी ते दिवसातून वीस-वीस वेळा चाचपायला लागलो. दाबून दाबून ते दुखायला लागलं. दुखतंय म्हणजे वाढतंय, असा माझा हिशोब. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, ‘आठवडाभर हात लावू नका.’ पाचव्या दिवशी दुखणं गेलं. तेव्हा माझा सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, सहाशेच्या वर, अगदी चांगला होता!

नंतर कळलं की भीती एक नव्हतीच, एकात एक गुंतलेल्या तीन होत्या. पहिली मरणाची, ती जुन्या काळातली. १९९६च्या सुमारास एकत्रित औषधं आली आणि चित्र पालटलं. वेळेत उपचार सुरू करून ते नीट चालू ठेवणाऱ्याचं आयुष्य आता इतरांच्या जवळपास असतं. आपल्यामुळे जोडीदाराला लागण होईल ही दुसरी. ‘पार्टनर’ नावाच्या अभ्यासात अशी जोडपी तपासली, ज्यांत एकाला एचआयव्ही होता पण औषधांमुळे व्हायरल लोड दोनशेच्या खाली होता, आणि दुसऱ्याला लागण नव्हती. कंडोमशिवाय हजारो वेळा संबंध आले, पण औषध घेणाऱ्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. २०१६ आणि २०१९, दोन्ही वेळचा निष्कर्ष तोच.

तिसरी भीती मात्र कुठल्याच रिपोर्टने जात नाही: कुणाला कळलं तर? मी गोळ्यांच्या डबीत कापूस कोंबायचो, बॅग हलली की खुळखुळ ऐकू येऊ नये म्हणून. लेबल खरवडून काढायचो. चोवीस तास असा पहारा दिल्यावर झोप कुठून येणार? शेवटी एका मित्राला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘गोळीची वेळ काय?’ आता नऊला आम्ही बाहेर असलो की तो नुसतं ‘वाजले’ म्हणतो. सगळ्यांना सांगा असं मी अजिबात म्हणणार नाही, चुकीच्या माणसाला सांगून पस्तावलोही आहे. पण एक माणूस हवा.

आणि हो, गोळीकडेही बघा. एचआयव्हीच्या औषधांपैकी एफाविरेन्झने विचित्र स्वप्नं, चक्कर, बेचैनी येऊ शकते. डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते. माझी उडाली होती, डॉक्टरांनी रात्रीची गोळी सकाळी घ्यायला सांगितली आणि फरक पडला. आपल्या मनाने मात्र गोळी बंद करू नका, वेळही विचारूनच बदला. कुणी दिलेली झोपेची गोळी परस्पर घेऊ नका. एचआयव्हीच्या काही गोळ्यांसोबत दिलं जाणारं रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट चालू असेल तर अल्प्राझोलामसारखी भीती-झोपेसाठीची औषधं रक्तात जास्त साचतात. ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वॉर्ट हे वनस्पतीचं औषध तर एचआयव्हीच्या बऱ्याच औषधांचा असर कमी करतं.

भीतीवर वेगळा उपचार असतो. मला समुपदेशनाचा उपयोग झाला, काहींना औषधही लागतं. जीव द्यावासा वाटत असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, आजच कुणाला तरी सांगा.

डॉक्टरांनी ‘बाकी काय म्हणताय?’ विचारलं की आपण सवयीने ‘ठीक’ म्हणतो. म्हणून आठवडाभर कागदावर लिहा: किती तास झोप, कितीदा जाग, छातीत धडधड कधी. जाल तेव्हा तो कागद नुसता पुढे सरकवा. मी तेच केलं, तोंडाने सांगायला जमलं नसतं.