शेरा फुकटचा, हप्ता दहा हजारांचा

दापोली तालुक्यातल्या केळशीजवळून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३६. घराला लागून दोन खोल्यांचा होमस्टे, मागे हापूसची चाळीसेक कलमं. सहा वर्षं खाडीवरच्या पक्ष्यांचे फोटो काढतात. हातात जुना डीएसएलआर कॅमेरा आणि ५५-२५० मिलिमीटरची लेन्स. डिसेंबरात समुद्री गरुड पाण्यातून मासा उचलताना सापडला. फोटो पक्षीप्रेमींच्या एका ग्रुपवर टाकला, तर तिथल्या एका ज्येष्ठांनी लिहिलं, ‘फोटो मऊ, धूसर पडलाय. असल्या लेन्सवर वाइल्डलाइफ होत नाही. आधी गिअर घ्या.’ आता नवी मिररलेस (आत आरसा नसलेल्या नव्या पिढीच्या कॅमेऱ्याची) बॉडी आणि लांबचं जवळ आणणारी ६०० मिलिमीटरपर्यंतची झूम लेन्स घ्यायची आहे. कोटेशन ३ लाखांचं. पैसे पर्सनल लोनचे, १४ टक्के, तीन वर्षं. नाहीतर बायकोच्या पाटल्या ठेवून. घेऊ का, असं विचारतात.

नमस्कार. आत्ता नको. पावसाळ्यानंतर घ्या, आणि तेव्हाही एवढं नको.

आधी हप्ता. ३ लाखांना १४ टक्क्यांनी ३६ महिने, म्हणजे महिना साधारण १०,२५० रुपये. एकूण ३ लाख ६९ हजार भराल. पण मला व्याजाच्या ६९ हजारांपेक्षा जुलैची काळजी वाटते. तुमचा पैसा ऑक्टोबर ते मे येतो. होमस्टेचा थोडा थोडा, आंब्याचा एकदम. जून ते सप्टेंबर खोल्या रिकाम्या आणि बाग गप्प. बँक मात्र श्रावणातही पाच तारखेला हप्ता कापते.

तुमची एफडी १ लाख ४० हजारांची, घरखर्च महिना २८ हजार. म्हणजे बरोबर पाच महिन्यांची शिदोरी. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात बारा कलमं आडवी झाली आणि एका खोलीचे पत्रे उडाले, हे तुम्हीच लिहिलंय. त्यामुळे त्या एफडीला हात लावायचा नाही, हप्ता अडला तरी नाही.

आता ‘फोटोंमुळे गेस्ट येतात’ हा तुमचा मुद्दा. तो मी हसण्यावारी नेत नाही. गेल्या हंगामात फोटो बघून आलेल्यांच्या अकरा रात्री भरल्या, असा हिशेब तुम्ही ठेवलाय, आणि असा हिशेब ठेवणारे फार थोडे. रात्रीचे २,००० घेता. जेवणखाण, धुलाई, वीज वजा जाता हातात ११०० उरतात म्हणता. वर्षाचे हप्ते होतात १ लाख २३ हजार. ते फेडायला जास्तीच्या ११२ रात्री भरायला हव्यात. अकराच्या एकशेतेवीस कशा होणार? पुण्याचा माणूस मोबाइलवर फोटो बघून खोली बुक करतो. गरुडाच्या पिसांच्या कडा किती तीक्ष्ण आहेत हे तो बघत नाही, गरुड इथे दिसतो एवढंच बघतो. ते तुमच्या आत्ताच्या लेन्सनंही त्याला कळलंय.

राहिला तो शेरा. फोटोतलं मला फारसं कळत नाही, म्हणून पंचवीस वर्षं पक्षी टिपणाऱ्या माझ्या एका क्लायंटना तुमची फाइल दाखवली. त्यांनी आधी आकडे बघितले. शटर १/३२० सेकंद. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, १००; शटर जलद करायचं तर ती वाढवावी लागते. म्हणाले, ‘झेप घेणाऱ्या पक्ष्याला १/१६०० तरी हवं. आयएसओ वाढवला तर फोटोत दाणे येतील म्हणून हे घाबरलेत. दाणे परवडतात, हललेला डोळा परवडत नाही.’ म्हणजे फोटो मऊ पडला हे त्या ज्येष्ठांचं निदान बरोबर होतं, औषध चुकलं. टीका करणाऱ्याला औषधाचं बिल भरायचं नसतं, म्हणून तो बिनधास्त महागडं लिहून देतो. (आमच्या पैशांच्या सल्ल्याच्या धंद्यातही असे पुष्कळ आहेत.)

त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. दुपारी पुळणीवरची हवा तापून थरथरते, तेव्हा लांबचा पक्षी दहा लाखांच्या लेन्समधूनही विरघळल्यासारखाच दिसतो. अंतर काचेनं भरून काढण्यापेक्षा भरतीनं भरून काढा. आपल्या कोळ्यांचा हिशेब आहेच: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. दशमीला दहाची पाऊणपट, सकाळी साडेसात. म्हणजे उजाडल्यापासून पाणी चढत असतं आणि चिखलातले तुतवार-चिखल्यांसारखे छोटे किनारपक्षी तुमच्या बाजूला सरकत येतात. तुम्ही आधीच वाळूत आडवे पडलेले असलात की २५० सुद्धा पुरते. पौर्णिमेला गेलात तर भरती दुपारी, प्रकाश डोक्यावर. याला खर्च काही नाही. कपडे धुवावे लागतात एवढंच.

हे सगळं असलं तरी लेन्सची गरज खोटी नाही. उंच झाडावरच्या गरुडाजवळ कुठल्याही कसबानं जाता येत नाही, आणि घरट्याजवळ तर जाऊही नये. तिथे लांब लेन्सच पक्ष्याला त्रास न देणारी. म्हणून घ्यायची तर अशी घ्या. बॉडी राहू दे. बरेच लोक डीएसएलआर विकून मिररलेसकडे चाललेत, त्यामुळे त्यांच्या १५०-६०० जातीच्या लेन्स वापरलेल्या मिळतात. ७० हजारांच्या वर जायचं नाही. होमस्टेच्या आठ महिन्यांत महिना सहा हजार वेगळे टाकलेत तर ४८ हजार होतात. उरलेले २२ हजार आंब्यातून, पण आंबा झाला तरच. मोहोर गळला तर खरेदी एक वर्ष पुढे, त्यावर वाद नाही.

वापरलेली लेन्स घेताना टॉर्च मारून आत बघा. आपल्या दमट हवेत काचेला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, आणि अशा लेन्सला मग कोणी भाव देत नाही. तुमच्या पत्रात तीन लाखांच्या यादीत ड्राय कॅबिनेट नव्हतं. आधी ते घ्या, ४०-५० टक्क्यांवर आर्द्रता राखणारं, आणि जूनच्या आत. विम्याचंही विचारून ठेवा. घराच्या साध्या पॉलिसीत बाहेर नेलेला कॅमेरा सहसा धरत नाहीत.

पाटल्यांबद्दल मी काही म्हणणार नाही, कारण दोन पानी पत्रात ज्यांच्या हातात त्या आहेत त्यांचं मत कुठेच नाही. आज रात्री जेवताना विचारा.

आणि तीन लाखांच्या यादीतल्या लेन्सची हुरहुर राहिलीच, तर पुण्या-मुंबईत ती दिवसाच्या भाड्यानं मिळते. डिपॉझिट लागतं, ते परत येतं. पंचांग बघून दशमीच्या आदल्या दिवशी आणा.