क्रम ‘लावणारा’ की क्रम ‘राखणारा’?

प्रश्न असा आला आहे: एका सॉफ्टवेअर लायब्ररीच्या (प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडच्या) मराठी माहितीपुस्तिकेत ‘यापुढे हॅश टेबल क्रमबद्ध असेल’ असं वाक्य आहे. (हॅश टेबल म्हणजे किल्ली आणि तिची किंमत, म्हणजे तिच्याशी जोडलेली माहिती, अशा जोड्यांचा साठा. प्रत्येक जोडी ही एक नोंद.) याचा अर्थ नोंदी अकारविल्हे मिळतील असा घ्यायचा का? नसेल, तर ‘ऑर्डर्ड’साठी काय लिहावं?

वाक्य बदलावंच. ‘क्रमबद्ध’ व्याकरणाने चूक नाही, पण कोणता क्रम ते त्यातून कळत नाही, आणि हॅश टेबलाच्या वादात सगळं अडतं ते तिथेच. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही, क्रियापद नीट निवडलं की झालं. क्रम लावणं म्हणजे किल्ल्यांची आपसांत तुलना करून नोंदी जागेवर बसवणं, म्हणजेच सॉर्टिंग. क्रम राखणं म्हणजे नोंदी आल्या तशा ठेवणं. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत अशा साठ्याला मॅप म्हणतात आणि तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी दिसतात: ट्रीमॅप क्रम लावतो, लिंक्डहॅशमॅप राखतो आणि हॅशमॅप क्रमाबद्दल काहीच कबूल करत नाही. सी प्लस प्लस ही भाषा वापरणाऱ्यांचा गोंधळ मात्र समजण्यासारखा आहे. तिथला साधा मॅप क्रम लावतो, त्यामुळे भाषेच्या २०११च्या अधिकृत प्रमाणकात ‘अनऑर्डर्ड मॅप’ आला तो ‘न लावलेला’ याच अर्थाने.

‘राखणं’ म्हटलं तरी बारकावे उरतात. पायथन भाषेच्या डिक्शनरीत (तिथल्या हॅश टेबलात) ग, अ, क अशा क्रमाने किल्ल्या घाला. ‘अ’ची किंमत बदलली तरी ‘अ’ दुसराच राहतो. पण ‘अ’ काढून पुन्हा घातला, तर क्रम ग, क, अ असा होतो. म्हणून ‘आगमनक्रम’ म्हणावं. शेवटच्या बदलाचा क्रम तो नव्हे.

काढून टाकण्याने खरी पंचाईत होते ती लायब्ररी लिहिणाऱ्याची. पायथन ३.६पासून डिक्शनरीत दोन भाग असतात: नोंदींची ओळीने भरलेली रांग आणि त्या रांगेतले क्रमांक सांगणारा विरळ तक्ता. नव्या टेबलाच्या तक्त्यात ८ खाने आणि रांगेत ५ नोंदींची जागा असते. ३.६मध्ये ६४-बिट यंत्रावर तक्त्याचे ८ बाइट आणि रांगेचे १२० मिळून १२८ बाइट होत. जुन्या पद्धतीत प्रत्येक खान्याला २४ बाइट, म्हणजे १९२. थोडक्यात, मूळ हेतू जागा वाचवण्याचा होता, क्रम आयता मिळाला. आता मधली नोंद काढली की रांगेत भोक पडतं. शेवटची नोंद तिथे आणली तर काम झटपट होतं, पण क्रम मोडतो. मागच्या सगळ्या एकेक घर पुढे सरकवल्या तर क्रम टिकतो, पण वेळ नोंदींच्या संख्येबरोबर वाढतो. भोक तसंच ठेवून पुढच्या फेरमांडणीत बुजवायचं, हा पायथनचा मार्ग. रस्ट भाषेची इंडेक्समॅप लायब्ररी पहिल्या दोन्ही तऱ्हा वेगवेगळ्या नावांनी देते. हे मला सर्वांत प्रामाणिक वाटतं.

तिसरं क्रियापद ‘मानणं’. पायथनमधल्या दोन साध्या डिक्शनऱ्यांत त्याच नोंदी उलटसुलट क्रमाने असल्या तरी त्या समान ठरतात. दोन ऑर्डर्डडिक्ट (डिक्शनरीचाच एक वेगळा प्रकार) मात्र ठरत नाहीत. साधी डिक्शनरी क्रम राखते, पण तुलना करताना मानत नाही. ऑर्डर्डडिक्ट राखते आणि मानतेही.

काळाकडेही लक्ष हवं. ३.६मध्ये ‘क्रम राखला जातो’ एवढंच खरं होतं, कारण ती त्या आवृत्तीच्या बांधणीतली गोष्ट होती. २०१८च्या ३.७मध्ये ती भाषेची हमी झाली, म्हणजे ‘राखला जाईल’. दोन्हींमधल्या अवस्थेत ठेवलेली लायब्ररी घातक, असं माझं मत. क्रम दिसत राहिला की लोक त्यावर चाचण्या बेततात आणि पुढच्या आवृत्तीत त्या कोसळतात. तेव्हा एक तर हमी द्यावी, नाहीतर गो या भाषेने केलं तसं नोंदींवरून फिरण्याची सुरुवातच दर वेळी वेगळी ठेवून कोणाला विसंबू देऊ नये.

याच कारणाने ‘अनऑर्डर्ड’ला ‘यादृच्छिक’ म्हणू नये. जावाच्या हॅशमॅपमध्ये त्याच किल्ल्या त्याच रीतीने घातल्या तर बहुधा तोच क्रम पुन्हा दिसतो. यादृच्छिक काही नसतं, फक्त वचन नसतं. ‘क्रमाची हमी नाही’ हे लांब पण अचूक आहे.

तुमच्या पुस्तिकेसाठी: ‘या आवृत्तीपासून हॅश टेबल नोंदींचा आगमनक्रम राखेल. किंमत बदलल्याने नोंदीची जागा बदलणार नाही. काढून पुन्हा घातलेली नोंद शेवटी जाईल. समानता तपासताना क्रम मानला जाणार नाही.’ शेवटचं वाक्य तुमच्या लायब्ररीचं वर्तन पाहून ठेवा किंवा उलटवा. आणि लायब्ररीत संच (सेट, म्हणजे किंमती नसलेल्या नुसत्या किल्ल्यांचा साठा) असेल तर त्याबद्दल वेगळं लिहा. पायथनमध्ये डिक्शनरी क्रम राखते, सेट राखत नाही, आणि एकाची हमी दुसऱ्याला लागू धरणारे पुष्कळ भेटतात.